समजलं का, मुलांनो?



गावच्या शाळेवरून जाताना एक आवाज आपण नेहमी ऐकला असेल. आतून बाई विचारतात, "समजलं का, मुलांनो?" आणि तीस कोवळे गळे एका सुरात ओरडतात, "होऽऽ बाई!" रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, काय छान शिकवताहेत! खरे सांगायचे तर वर्गातल्या बाईंनाही तसेच वाटत असते. मी स्वतः बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आणि त्यातली पहिली कितीतरी वर्षे मी त्या ‘हो बाई’वर समाधान मानून घरी गेले. तीस मुलांच्या त्या एका ‘हो’मध्ये तीस ‘हो’ नसतात, हे मला फार उशिरा कळले. कसे कळले, ते आधी सांगते.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. चुणचुणीत, हसरी. पुस्तकातला कुठलाही धडा उघडून द्या, ती घडाघडा म्हणायची. पानावर बोट ठेवायची, योग्य जागी थांबायची, आवाज चढवायची-उतरवायची. पाहुणे आले की मी तिलाच उभी करीत असे. पुढे ती तिसरीत गेली. एके दिवशी शाळा पाहायला आलेल्या साहेबांनी तिच्या हातात आमच्या पुस्तकाऐवजी दुसरेच एक गोष्टीचे पुस्तक दिले. साधेच होते, मोठ्या अक्षरांचे. पोर पानाकडे बघत राहिली. एक शब्द बोलली नाही. मग डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, ती म्हणती, मला वाचाया येत न्हाई, मी न्हाई जाणार." दोन वर्षे ती माझ्यासमोर बसली होती. ऐकून ऐकून तिने सगळे पुस्तक तोंडपाठ केले होते, आणि अक्षर मात्र तिला निम्मेसुद्धा ओळखता येत नव्हते. तिने मला फसवले नव्हते, बरं का. मी ‘वाच’ म्हटले की ती म्हणून दाखवी, आणि मला ते वाचन वाटे. फसगत माझी होती. मी कधी पारखून पाहिलेच नव्हते.

मिनतवारी करून ती परत आली, आणि रोज थोडे थोडे असे चार महिन्यांत वाचू लागली. पण मला वाटत राहिले, हे चार महिने दुसरीत दिले असते तर ते रडणे टळले असते. म्हणून आजचा विषय हा: लहान मुलांना काय आले आणि काय आले नाही, हे रोजच्या रोज, पाच-सात मिनिटांत कसे पाहावे?

आता कुणी म्हणेल, त्यासाठी परीक्षा आहेत की! आहेत. पण परीक्षा सत्राच्या शेवटी येते. शेतकरी बंधूंनो, आपण पिकाकडे एकदम काढणीच्या दिवशी बघता का? नाही. सकाळी बांधावरून एक चक्कर होतेच. पान उलटे करून पाहता, कीड आहे का, पाणी हवे का. त्याला आपण परीक्षा म्हणत नाही, आणि पिकाला गुणही देत नाही. पण त्या चकरेवरूनच आज काय करायचे ते ठरते. वर्गातही तशीच एक रोजची चक्कर हवी.

आमच्या मायबहिणी म्हणतील, शितावरून भाताची परीक्षा होतेच ना? होते, पण ती भाताची. एका पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजतो. एका वर्गातली मुले तशी शिजत नाहीत. पुढच्या रांगेतल्या दोन हुशार पोरांनी उत्तर दिले म्हणजे वर्गाला आले, असे मानणे ही आम्हा शिक्षकांची सर्वांत जुनी चूक. इथे प्रत्येक शीत वेगळे चाचपावे लागते.

मग चाळीस मुलांचे रोज कसे व्हावे? त्यासाठी काही साध्या युक्त्या आहेत. एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली युक्ती पाटीची. बाईंनी प्रश्न सांगायचा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि पाटी छातीशी पालथी धरायची. शेजाऱ्याचे बघायचे नाही. मग बाईंनी म्हणायचे, "पाटी वर!" एका क्षणात चाळीस उत्तरे डोळ्यांसमोर. बाईंनी फक्त नजर फिरवायची. शाबासकी नाही, रागावणे नाही.

एक उदाहरण घेऊ. दुसरीच्या वर्गाला सांगा, "पंचवीस लिहा." काही पाट्यांवर २५ दिसेल आणि काहींवर ५२. ही काही बावळटपणाची चूक नाही. आपण बोलताना आधी ‘पंच’ म्हणतो आणि मग ‘वीस’. पोर ऐकते तसे लिहिते, आधी पाच, मग दोन. तीच गोष्ट एकोणतीसची. कानावर ‘तीस’ पडले की मूल ३९ लिहून मोकळे होते. एकोण म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मराठी संख्यानामांची ही अडचण इतकी खरी आहे, की २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ अशीही वाचनाची रीत दिली होती. त्यावरून पुष्कळ वादही झाला. त्या वादात आपण कुठल्याही बाजूचे असा, पण आपल्या वर्गात ५२ कुणी लिहिले हे पाटी वर झाल्याशिवाय कळत नाही, एवढे तर खरे ना?

दुसरी युक्ती चिंचोक्यांची. पहिलीच्या मुलासमोर सात चिंचोके मोजायला द्या. मग ते आपल्या दोन मुठींत वाटून घ्या, एक मूठ उघडा. "या हातात चार. मग झाकलेल्या हातात किती?" जे मूल चटकन ‘तीन’ म्हणते, त्याला सात ही संख्या उमगली. जे बोटे मोजून सांगते, ते वाटेवर आहे. जे नुसते आपल्या तोंडाकडे बघते, त्याला एकपासून शंभरपर्यंत अंक तोंडपाठ येत असले तरी मोजणे अजून कळलेले नाही. एका मुलाला अर्धे मिनिट लागते. रोज पाच मुले घेतली तर तीस मुलांचा वर्ग सहा दिवसांत होतो.

तिसरी युक्ती वाचनाची, आणि ही मी त्या मुलीपासून शिकले. पुस्तकातले पान वाचायला देऊच नये. मुलांना शिकवलेल्या अक्षरांचीच, पण त्यांनी कधी न पाहिलेली एक ओळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी. ‘भाऊ घरी आला, माऊ दारी आली.’ रोज पाच जणांना जवळ बोलावून हळू आवाजात वाचायला सांगावे. इथे बघण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात. मूल ‘भाऊ’ला ‘माऊ’ म्हणते का? म्हणजे ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा आहे. ‘घर’ला ‘धर’ म्हणते का? ‘आला’ आणि ‘आली’ यांतला काना-वेलांटीचा फरक त्याला दिसतो का? की पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते? मूल चुकले तर कुठे चुकले, तेवढे लक्षात ठेवायचे.

चौथी युक्ती हजेरीची. नाव पुकारल्यावर मुले ‘हजर’ म्हणतात. त्याऐवजी एखादे दिवशी सांगावे, "आज ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘क’पासून सुरू होणारा एक शब्द सांगायचा. आधी सांगितलेला नको." दुसऱ्या दिवशी म्हणावे, "मी आकडा सांगेन, तुम्ही त्याच्या आधीचा सांगा." हजेरीही होते आणि पारखही होते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

पाचवी युक्ती दाराची. शाळा सुटताना पोरे दाराकडे धावतात. बाईंनी दारात उभे राहावे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच लहानसा प्रश्न विचारावा. "दहाला किती कमी, जर हातात सहा असतील?" उत्तर आले तरी जायचे, नाही आले तरी जायचे. मुलाला अडवून धरू नये. उत्तर त्याला दाखवण्यासाठी नव्हे, आपल्याला कळण्यासाठी असते.

या सगळ्या युक्त्यांना एक पथ्य आहे. प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकले पाहिजे. आपण प्रश्न विचारतो आणि श्वास घ्यायच्या आत दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली. तेव्हा दिसले, की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेच तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात सावकाश एक, दोन, तीन. करून पाहा, फार अवघड जाते! पण लाजाळू मुलाला तेवढाच अवधी हवा असतो.

आणि उत्तर आले की आणखी एक प्रश्न, "कसं ओळखलंस?" तिसरीतल्या एका मुलाने ४२ वजा १७ बरोबर ३५ असे लिहिले. मी ‘चूक’ अशी फुली मारली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. विचारले, कसे केलेस? तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन." म्हणजे त्याने नेम सोडलेला नव्हता. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, असा त्याने आपला एक नियमच बसवला होता आणि तो इमानाने पाळला होता. चुकीच्या उत्तरामागेही मुलाचा विचार असतो, आणि तो विचार कळला तरच पुढे काय शिकवायचे ते कळते.

इथे भाषेचीही एक गोष्ट सांगायला हवी. "टोपलीत किती आंबे शिल्लक राहिले?" असे मी विचारले तेव्हा एक मूल गप्प राहिले. "किती उरले रे?" म्हटल्यावर लगेच म्हणाले, "तीन." त्याला वजाबाकी येत होती, ‘शिल्लक’ येत नव्हते. मालवणी मूल ‘कुठे’ला ‘खय’ म्हणते, वऱ्हाडातले मूल ‘कशाला’ऐवजी ‘कायले’ म्हणते. डोंगरातल्या वाडीवर, पाड्यावर तर घरची भाषाच निराळी असते. गणित पारखताना उत्तर घरच्या बोलीत आले तर ते बरोबरच धरावे. पुस्तकी शब्द मागाहून शिकवता येतो. पण ‘याला काही येत नाही’ असा शिक्का एकदा बसला, की तो पुसायला वर्षे लागतात.

आता महत्त्वाचा प्रश्न. कळले, पुढे काय? पारख करून आपण दुसऱ्या दिवशी तोच धडा तसाच पुढे रेटला, तर पारख केली काय नि न केली काय! मी आपला एक सोपा हिशेब ठेवला होता. निम्म्याहून अधिक पाट्या चुकल्या, तर दोष माझ्या शिकवण्याचा, म्हणून उद्या तेच, पण वेगळ्या रीतीने. पंचवीसचे ५२ झाले तर खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलांच्या हातात द्यायच्या, मग अंक लिहायचा. पाच-सहाच जण चुकले, तर बाकीच्यांना काम देऊन त्या पाच-सहांना घेऊन दहा मिनिटे खाली बसायचे. एखादेच मूल चुकले, तर दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. कदाचित त्या दिवशी ते उपाशी आले असेल, कदाचित ताप असेल, कदाचित त्याला फळाच नीट दिसत नसेल. माझ्या एका मुलाची ‘वाचनातली चूक’ चष्मा आल्यावर बरी झाली.

लक्षात राहावे म्हणून एक साधी वही ठेवावी. डाव्या बाजूला नावे, वर तारखा. आले तर बरोबरची खूण, अर्धवट आले तर टिंब, नाही आले तर मोकळे वर्तुळ. बस्स. लाल शाई नको, गुण नकोत, नंबर नकोत. आणि ती वही मुलांसमोर वाचून दाखवायची नाही. मोकळे वर्तुळ म्हणजे नापास नव्हे. ते पुढे टिंब व्हायचे आहे आणि टिंबाची खूण व्हायची आहे. आठवड्याच्या शेवटी वही उघडली की एखाद्या नावापुढे सलग चार वर्तुळे दिसतात, आणि एखादे नाव असे असते की त्यापुढे काहीच नसते. त्या मुलाला आपण आठवडाभर काही विचारलेलेच नसते! माझ्या त्या मुलीच्या वेळी ही वही असती तर तिचे नाव मला पहिल्याच महिन्यात दिसले असते.

यात नवे असे काही मी सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आधी मूल कसे आहे ते नीट पाहायचे आणि मग पाऊल टाकायचे, हीच ती रीत. पुढे कायद्यानेही तेच सांगितले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलाच्या आकलनाचे सातत्याने मूल्यमापन करावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात पहिली-दुसरीसाठी शंभरांपैकी सत्तर भार वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला दिला होता, आणि त्याच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण पहिले होते. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, हेच उद्दिष्ट ठेवले.

पण शिक्षक मित्रहो, आपल्यातली एक गोष्ट मोकळेपणाने बोलूया. नोंदवहीत निरीक्षण लिहायचे असते, आणि वेळ नसतो. मग सत्राअखेर एका बैठकीत आपण चाळीस नावांपुढे लिहून टाकतो, ‘नियमित अभ्यास करतो’, ‘वाचनाची आवड आहे’. मीही लिहिले आहे. एक शिक्षक, दोन-तीन वर्ग एकत्र आणि शिवाय वरची कामे. अडचण खोटी नाही. म्हणूनच सांगते, रोज सगळ्या युक्त्या करू नका. एकच करा. दोन वर्ग एकत्र असतील तर एका वर्गाला चित्र काढायला लावा आणि दुसऱ्याची पाटी वर करा. रोजच्या खुणा असल्या की सत्राअखेरची नोंद आपोआप खरी होते.

शेवटी आईवडिलांना दोन शब्द. मूल घरी आले की आपण विचारतो, "आज काय शिकलास?" ते म्हणते, "काही नाही," आणि खेळायला पळते. त्यापेक्षा जेवताना म्हणावे, "आज आपण सहा जण, ताटं चार मांडलीस, अजून किती लागतील?" एसटी आली की म्हणावे, "बघ बरं, पाटीवर कुठलं गाव लिहिलंय?" ती पाटी काही त्याने पाठ केलेली नसते! आपल्याला स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल. मूल अडखळते का, टाळते का, एवढे आपल्याला कळतेच. अडखळले तर मारू नका, शेजारच्या पोराशी तुलना करू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंना सांगा, "बाई, हा पाटी वाचताना अडतोय." चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येणार नाही.

तेव्हा उद्या वर्गात "समजलं का?" हा प्रश्न ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबा आणि म्हणा, "पाटी वर!" समोर काय दिसेल ते कदाचित आवडणार नाही. पण ‘हो बाई’च्या गोड आवाजात हरवलेले एखादे मूल त्या पाट्यांमध्ये सापडेल, आणि तेही तिसरीत रडायच्या आधी.